व्हिडिओ एडिटिंगच्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क जोडताना: हिशोबापासून बॅकअपपर्यंत, क्रमाने

नव्या डिस्क आणल्या, जोडल्या, क्विक फॉरमॅट मारला आणि त्याच संध्याकाळी लग्नाचं फुटेज ओतायला सुरुवात केली. पुढच्या बहुतेक अडचणी याच संध्याकाळी जन्माला येतात. डिस्क रिकामी असते तोवर चुकीची विभागणी, चुकीचा फॉरमॅट, सैल केबल, मुळातच खराब निघालेला तुकडा हे सगळं तासाभरात बदलता येतं. तिच्यावर दहा टीबी फुटेज चढलं की साध्या दुरुस्तीसाठीही आधी ते दहा टीबी कुठेतरी हलवावं लागतं, आणि तेवढी जागा नसते म्हणूनच तर नवी डिस्क आणलेली असते. म्हणून खालच्या क्रमात निम्म्याहून जास्त काम पहिली फाइल कॉपी होण्याआधीचं आहे. घाई असली तरी तो भाग गाळू नका.

उदाहरण म्हणून तीन कॅमेऱ्यांवर फोर-के २५ फ्रेममध्ये लग्नं शूट करून विंडोज १० किंवा ११ च्या डेस्कटॉपवर एडिट करणारा स्टुडिओ घेतला आहे. तुमचं काम वेगळं असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

## १. आधी कागदावर हिशोब

कॅमेऱ्याच्या मेनूत रेकॉर्डिंगचा बिटरेट मेगाबिटमध्ये दिलेला असतो. त्याला ०.४५ ने गुणलं की तासाला किती जीबी लागतील ते मिळतं.

- १०० मेगाबिट (सोनीच्या एक्सएव्हीसी एस फॉरमॅटमध्ये फोर-के २५ फ्रेम): तासाला ४५ जीबी
- २५० मेगाबिट (एक्सएव्हीसी एस-आय, फोर-के २५ फ्रेम): तासाला साधारण ११२ जीबी
- ४९२ मेगाबिट (प्रोरेस ४२२, अल्ट्रा एचडी २५ फ्रेम): तासाला २२१ जीबी
- ७३७ मेगाबिट (प्रोरेस ४२२ एचक्यू, अल्ट्रा एचडी २५ फ्रेम): तासाला ३३२ जीबी

हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून प्रत्येक कॅमेऱ्यावर पाच तास रेकॉर्डिंग धरा. तीन कॅमेऱ्यांचे पंधरा तास, १०० मेगाबिटने ६७५ जीबी. हंगामात अशी वीस लग्नं असतील तर १३.५ टीबी. ड्रोन, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज आणि तयार फिल्म यांची भर वेगळी.

आता त्यात रिकामी जागा मिळवा. हार्डडिस्क पूर्ण भरत नेऊ नये. आतल्या कडेकडे जाताना तिचा वेग जवळपास निम्म्यावर येतो आणि फाइलींचे तुकडे पडू लागतात. किमान २० टक्के मोकळं ठेवायचं म्हणजे १३.५ ला ०.८ ने भागायचं. येतात १६.९. म्हणजे १८ टीबीची डिस्क हवी.

तपासा: डिस्कवर छापलेला टीबी आणि विंडोजमध्ये दिसणारा टीबी एक नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. १८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १६.३७ टीबी दिसते. सगळा हिशोब कंपनीच्या आकड्यात करा आणि तो पूर्ण झाल्यावरच विंडोजचा आकडा बघा. दोन्हींची सरमिसळ झाली की खरेदी एक आकार कमी पडते.

## २. कोणतं काम कुठल्या डिस्कवर

सगळं एकाच मोठ्या डिस्कवर टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तीन कॅमेऱ्यांचे १०० मेगाबिटचे प्रवाह एकत्र केले तरी सेकंदाला ३७.५ एमबीच होतात, आणि ७२०० आरपीएमची चांगली हार्डडिस्क बाहेरच्या कडेला २५० एमबीच्या आसपास देते. तरीही मल्टिकॅम टाइमलाइन अडखळते, कारण हेडला (डिस्कवर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला) तीन फाइलींमध्ये सतत उड्या माराव्या लागतात. त्यात वेव्हफॉर्म, थंबनेल आणि कॅशच्या (सॉफ्टवेअरनं तात्पुरत्या साठवलेल्या) हजारो बारीक फाइली त्याच डिस्कवर असतील तर वेग कोसळतो. एसएसडीत हलणारा भागच नसल्यानं तिथे हा प्रश्न येत नाही.

म्हणून चार जागा करा:

पहिली, विंडोज आणि सॉफ्टवेअरची एसएसडी. ५०० जीबी पुरते, १ टीबी असेल तर निवांत.

दुसरी, चालू कामाची एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवर बसणारी, जास्त वेगवान) एसएसडी. सध्या टाइमलाइनवर असलेलं फुटेज, प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) आणि कॅश इथे. एका लग्नाचे ६७५ जीबी, आणि १०८० आकारात प्रोरेस ४२२ प्रॉक्सी केल्या तर तासाला १७ जीबीप्रमाणे आणखी २५५ जीबी. एकूण ९३० जीबी. एका वेळी एकच लग्न हातात असेल तर २ टीबी, दोन असतील तर ४ टीबी. प्रॉक्सी फोर-के आकारात करू नका. तासाला ६८ जीबी लागतात आणि प्रॉक्सीचा फायदाच उरत नाही.

तिसरी, हंगामाचा साठा. १८ टीबीच्या दोन हार्डडिस्क एकमेकींचा आरसा म्हणून, म्हणजे मिरर. जागा एकीचीच मिळते, पण एक बिघडली तरी काम थांबत नाही.

चौथी, बॅकअप. १८ टीबीची तिसरी डिस्क, डॉकमध्ये (डिस्क बाहेरून खोचायच्या स्टँडमध्ये) किंवा बाहेरच्या डब्यात, एरवी कॉम्प्युटरपासून सुटी.

चौथीचे पैसे वाचवून मिरर पुरेसा समजू नका. मिररमध्ये एका बाजूला डिलीट झालेली फाइल त्याच क्षणी दुसऱ्या बाजूलाही डिलीट होते. रॅन्समवेअर, चोरी आणि विजेचा झटका यांनाही दोन्ही डिस्क एकदमच सापडतात. बजेट तीन हार्डडिस्कचं असेल तर दोन साठ्याला आणि एक बॅकअपला. दोनचंच असेल तर मिरर सोडा, एक साठ्याला आणि एक बॅकअपला ठेवा. तो सौदा जास्त शहाणा.

साठा ३० टीबीच्या पुढे जाणार असेल किंवा दोन एडिटर एकाच फुटेजवर बसणार असतील तर सहा-आठ खणांचं नॅस (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा) आणि रेड ६ (अनेक डिस्क एकत्र बांधायची, दोन गेल्या तरी तग धरणारी पद्धत) हा वेगळा मार्ग आहे. त्यात नेटवर्कचा हिशोबही येतो. साध्या गिगाबिट केबलवर सेकंदाला ११० एमबीच मिळतात, त्यामुळे १० गिगाबिटची तयारी लागते.

रेड ० वर, म्हणजे वेगासाठी दोन डिस्क जोडून एक करण्याच्या पद्धतीत, ग्राहकाचं मूळ फुटेज कधीही ठेवू नका. दोहोंपैकी कुठलीही एक गेली की दोन्हींवरचं गेलं.

## ३. खरेदी: दुकानात विचारायच्या गोष्टी

सीएमआर की एसएमआर, म्हणजे डिस्कवर लिहिण्याची पद्धत कोणती. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, सीएमआरमध्ये सुटे. थोडं लिहिताना फरक कळत नाही, पण शेकडो जीबी सलग ओतले की वेग सेकंदाला काही दहा एमबीवर येतो, आणि मिरर पुन्हा बांधताना तर दिवसच्या दिवस जातात. सीगेट आयर्नवुल्फ, वेस्टर्न डिजिटलच्या रेड प्लस आणि रेड प्रो, तोशिबा एन३०० या मालिका सीएमआर आहेत. नुसतं 'रेड' आणि 'रेड प्लस' यांत फरक आहे. साध्या रेड मालिकेतले २ ते ६ टीबीचे काही मॉडेल एसएमआर आहेत. डेस्कटॉपसाठीच्या स्वस्त ४ आणि ८ टीबी बाराकुडाही एसएमआर. मॉडेल क्रमांक कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघूनच पैसे द्या.

वॉरंटी भारतातली आहे का. बिल करण्याआधी अनुक्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. परदेशातून आलेल्या किंवा दुसऱ्या यंत्रातून काढलेल्या डिस्कला इथे वॉरंटी मिळत नाही, आणि ते डिस्क बिघडल्यावरच कळतं. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या.

एनव्हीएमई कोणती. टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट साठवणारी) आणि स्वतःचा डीरॅम (आतल्या नोंदींसाठीची वेगळी मेमरी) असलेली घ्या. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) एसएसडी सुरुवातीला झपाट्यानं लिहितात, कारण तो वेग आतल्या छोट्या कॅशचा असतो. कॅश भरली की लिहिण्याचा वेग हार्डडिस्कच्याही खाली जाऊ शकतो. कार्डामागून कार्ड ओतणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात जाणवतं.

मदरबोर्डचं मॅन्युअल. अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ खणात एसएसडी बसवली की साटाचे (हार्डडिस्क जोडायचे) एक-दोन पोर्ट बंद होतात. कोणते, ते मॅन्युअलच्या तक्त्यात दिलेलं असतं. 'नवी डिस्क दिसतच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं आणि डिस्क विनाकारण परत जाते.

यूपीएस. ही ऐच्छिक गोष्ट नाही. मिररमध्ये लिहिणं चालू असताना वीज गेली की दोन डिस्कवर वेगवेगळं लिहिलेलं राहू शकतं. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, कॉम्प्युटर नीट बंद करायला दहा मिनिटं मिळाली तरी पुरे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो आणि कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो.

## ४. कॅबिनेटमध्ये बसवणं

कॉम्प्युटर बंद करा, मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या.

एनव्हीएमई आधी बसवा, कारण ग्राफिक्स कार्ड काढावं लागू शकतं. हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवरचं पातळ प्लास्टिक सोलून काढा. ते तसंच राहिल्यामुळे तापून मंदावणाऱ्या एसएसडी कमी नाहीत.

हार्डडिस्क पंख्याच्या थेट समोर, आणि दोघींमध्ये एक खण रिकामा सोडून लावा. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कना बाजूचं मधलं भोक नसतं, त्यामुळे जुन्या कॅबिनेटच्या ट्रेमध्ये ती जुळत नाही. दोनच स्क्रूवर डिस्क लोंबकळत ठेवू नका. जुळणारी ट्रे घ्या किंवा खालच्या भोकांतून कसा. ३.५ इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. २.५ इंचीचे बारीक स्क्रू त्यात फिरतात आणि नंतर थरथरून सुटतात.

पॉवरच्या बाबतीत तीन सावधानता. यांतली कुठलीही गोष्ट डिस्क जाळू किंवा अडवू शकते:

- मॉड्युलर एसएमपीएस (केबल सुट्या होणारा वीजपुरवठ्याचा डबा) असेल तर फक्त त्याच्याच डब्यात आलेली केबल वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल खोबणीत बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. डिस्क क्षणात जळते.
- मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर जोडावरून) साटा करणारी, एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेली कनव्हर्टर केबल टाळा. आतल्या तारा एकमेकींना टेकून ती पेटल्याची उदाहरणं आहेत.
- काही मोठ्या डिस्कना पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की त्या फिरतच नाहीत. ती त्यांची बंद राहण्याची खूण असते. जुन्या एसएमपीएसवर डिस्क पूर्ण गप्प राहिली तर ती खराब ठरवण्याआधी नव्या एसएमपीएसवर किंवा डॉकमध्ये लावून बघा.

साटा केबल खटका असलेली घ्या आणि तिला तीव्र कोनात वाकवू नका.

तपासा: बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना, आणि नव्या डिस्क पूर्ण क्षमतेनं दिसतात ना. इथे दिसल्या नाहीत तर विंडोजमध्ये शोधत बसू नका, केबल आणि पोर्ट बघा. बोर्डाचं स्वतःचं रेड चालू करू नका. चालू विंडोजवर मोड बदलला तर विंडोज उघडणं थांबू शकतं, आणि पुढे बोर्ड गेला तर डेटा त्याच जातीच्या बोर्डाची वाट बघत पडतो.

## ५. डिस्क ओळखा आणि कस लावा

या टप्प्याआधी जुन्या डेटाच्या सगळ्या डिस्कच्या साटा आणि यूएसबी केबल काढून ठेवा. नव्याच्या जागी जुनी फॉरमॅट करणं ही भरून न येणारी चूक आहे, आणि सारख्याच आकाराच्या दोन डिस्क यादीत एकमेकींखाली दिसल्या की ती अनुभवी माणसाकडूनही होते. प्रत्येक नव्या डिस्कच्या दर्शनी कडेवर अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरं लिहिलेली चिठ्ठी लावा. पुढे बिघडलेली डिस्क ओळखताना हीच उपयोगी पडते.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर उघडा आणि प्रत्येक डिस्कसाठी हे लिहून ठेवा:

- चालू तास. नव्या डिस्कवर शून्य किंवा फार तर काही तास.
- ०५, सी५ आणि सी६ हे तीन आकडे, म्हणजे खराब किंवा संशयास्पद जागांची (सेक्टरांची) मोजणी. कच्ची किंमत (रॉ व्हॅल्यू) शून्यच हवी.
- सी७, म्हणजे डेटा येता-जाता झालेल्या चुका. वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, डिस्कचा नव्हे.

सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर प्रचंड मोठे आकडे दिसतात. त्यांची नोंदीची पद्धत तशी आहे, घाबरू नका.

मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जा. डिस्क इनिशियलाइझ करायची खिडकी येईल, तिथे जीपीटी निवडा. एमबीआर निवडलं तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. साधा व्हॉल्युम करा आणि फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढा. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं आणि खराब जागा शोधतं. सेकंदाला सरासरी २०० एमबी धरले तरी १८ टीबीला २५ तास लागतात. एक ते दोन दिवस गृहीत धरा. बॅकअपच्या तिसऱ्या डिस्कचाही असाच पूर्ण फॉरमॅट करा. कॉम्प्युटर स्लीपमध्ये जाणार नाही हे आधी बघून घ्या.

फॉरमॅट संपल्यावर ते आकडे पुन्हा बघा. ०५, सी५ किंवा सी६ शून्यावरून हलला असेल तर डिस्क परत करा. 'एकच सेक्टर तर आहे' म्हणून ठेवून घेऊ नका. नवी कोरी असताना जी डिस्क पहिल्याच फेरीत जागा गमावते, तिच्यावर हंगाम सोपवायचा नाही. दुकानदार बदलून देतो तो काळही हाच असतो.

तापमानही याच वेळी मोजा. कस लागत असताना ३५ ते ४५ अंश उत्तम. ५० च्या वर गेलं तर पंखा वाढवा किंवा डिस्क हलवा. चाचणी डिसेंबरमध्ये करत असाल आणि स्टुडिओ नागपूर-चंद्रपूरकडे असेल तर मे महिन्याची बेरीज आत्ताच करा. खोली दहा-पंधरा अंशांनी तापली की डिस्कही जवळपास तेवढीच तापते.

## ६. मिरर तयार करणं

कस लागून पास झालेल्या दोन डिस्कवरचे व्हॉल्युम डिलीट करा. मग कंट्रोल पॅनलमधून स्टोरेज स्पेसेस (डिस्क एकत्र बांधायची विंडोजची सोय) उघडा, नवा पूल (डिस्कचा गट) घ्या आणि चिठ्ठीवरच्या अनुक्रमांकाच्या त्याच दोन डिस्कवर खूण आहे ना ते बघा. जोडलेली यूएसबी डिस्कही या यादीत येते. पूलमध्ये गेलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं.

प्रकार 'टू-वे मिरर', फाइल सिस्टिम एनटीएफएस.

सावधान: 'पॅरिटी' हा पर्याय जागा वाचवतो म्हणून मोह होतो. या खिडकीतून बनवलेल्या पॅरिटीचा लिहिण्याचा वेग अनेकदा सेकंदाला काही दहा एमबीवर येतो. व्हिडिओसाठी तो निरुपयोगी आहे.

सावधान: 'कमाल आकार' या रकान्यात खऱ्या जागेपेक्षा मोठा आकडाही विंडोज स्वीकारतं. तसं केलं तर ड्राइव्हवर जागा शिल्लक दिसत असतानाच आतल्या डिस्क भरतात आणि ड्राइव्ह एकाएकी बंद पडते. आपोआप आलेला आकडाच ठेवा.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. या मिररमधली एक डिस्क काढून मॅकला जोडली तर काही दिसणार नाही. तिला विंडोजच लागतं, आणि तेही तुमच्याइतकं किंवा त्याहून नवं. बॅकअपची डिस्क साध्या एनटीएफएसमध्ये ठेवायची ती म्हणूनच.

## ७. फॉरमॅट, अक्षर आणि विंडोजच्या चार सेटिंग

मिररची ड्राइव्ह रिकामी आहे तोवर फाइल एक्सप्लोररमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून पुन्हा फॉरमॅट करा. या वेळी क्विक चालेल, पण 'अलोकेशन युनिट साइज' ६४ किलोबाइट निवडा. व्हिडिओच्या मोठ्या फाइलींना ते सोयीचं आहेच, पण खरं कारण पुढचं आहे. ४ किलोबाइटचा एनटीएफएस व्हॉल्युम १६ टीबीच्या पलीकडे वाढवता येत नाही. उद्या मोठ्या डिस्क टाकून जागा वाढवायची झाली तर ही भिंत लागते, आणि ती पाडायला सगळं रिकामं करावं लागतं.

ड्राइव्हला वर्णमालेतलं मागचं अक्षर द्या. साठ्याला व्ही, चालू कामाला डब्ल्यू, बॅकअपला एक्स, असं काही. डी किंवा ई दिलं तर पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडरच्या गर्दीत अक्षर बदलतं आणि सकाळी सगळा प्रोजेक्ट 'मीडिया ऑफलाइन' म्हणतो.

पुढची चार कामं पाच मिनिटांची आहेत: पॉवर ऑप्शन्समध्ये हार्डडिस्क बंद होण्याची वेळ 'नेव्हर' करा. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइलींच्या मजकुराचं इंडेक्सिंग काढा. विंडोज अपडेटचे 'ॲक्टिव्ह अवर्स' लावा, म्हणजे रात्रीच्या कॉपीमध्ये रीस्टार्ट येणार नाही. बाहेरची डिस्क नेहमी 'सेफली रिमूव्ह' करूनच काढायची, हे स्टुडिओतल्या सगळ्यांना सांगा.

## ८. रिकाम्या डिस्कवर बिघाडाची रंगीत तालीम

हा टप्पा जवळपास सगळेच वगळतात. बिघाड झाल्यावर काय दिसतं आणि काय दाबायचं, हे शांत डोक्यानं शिकायची संधी एवढीच असते.

साठ्यावर ५० ते १०० जीबी बिनमहत्त्वाचं फुटेज टाका. कॉम्प्युटर बंद करा, एका हार्डडिस्कची साटा केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. ड्राइव्ह उघडली पाहिजे, क्लिप चालल्या पाहिजेत आणि स्टोरेज स्पेसेसमध्ये इशारा दिसला पाहिजे. तिथे कुठल्या डिस्कचं नाव येतं ते चिठ्ठीशी ताडून बघा. पुन्हा बंद करून केबल लावा. इशारा जाऊन सगळं 'ओके' होईपर्यंत थांबा.

ड्राइव्ह उघडली नाही तर पुढे जाऊ नका. मिरर ऐवजी 'सिंपल' निवडलं गेलं आहे का ते आधी बघा.

वेग मोजायचा तर छोट्या फाइलीची चाचणी कॅशचाच वेग दाखवते. १०० जीबीचं फोल्डर एनव्हीएमईवरून मिररवर कॉपी करा आणि शेवटच्या भागातला वेग नोंदवा. रिकाम्या डिस्कवर २०० ते २५० एमबी ठीक. १०० च्या खाली असेल तर केबल, पोर्ट आणि डिस्कचा मॉडेल क्रमांक पुन्हा बघा. एनव्हीएमईचीही अशीच चाचणी ३०० जीबी सलग लिहून करा.

## ९. सॉफ्टवेअरला नवे रस्ते दाखवा

डाविंची रिझॉल्व्हमध्ये प्रेफरन्सेसमधल्या मीडिया स्टोरेजच्या यादीत सगळ्यात वर असलेली जागा कॅशसाठी वापरली जाते. तिथे चालू कामाची एनव्हीएमई वर आणा. मग प्रोजेक्ट सेटिंगमध्ये वर्किंग फोल्डर्स पाहून प्रॉक्सी आणि कॅशचे पत्ते तिकडेच आहेत ना बघा. जुन्या प्रोजेक्टमध्ये जुने पत्ते राहतात, ते प्रत्येकी बदलावे लागतात. प्रोजेक्ट बॅकअप चालू करा आणि त्याची जागा दुसऱ्या डिस्कवर ठेवा. रिझॉल्व्हची प्रोजेक्ट लायब्ररी मुळात सी ड्राइव्हवर असते. फुटेज शाबूत आणि प्रोजेक्ट गायब, ही वेळ त्यामुळेच येते.

प्रीमियर प्रोमध्ये मीडिया कॅशही मुळात सी ड्राइव्हवरच साठते आणि वर्षभरात शेकडो जीबी खाऊ शकते. प्रेफरन्सेसमधून तिची जागा एनव्हीएमईवर न्या आणि आकाराची मर्यादा घाला. ऑटोसेव्ह मात्र प्रोजेक्टपेक्षा वेगळ्या डिस्कवर.

तपासा: टाइमलाइन अजूनही अडखळते? टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली असेल तर दोष साठ्याचा. डिस्क १०-२० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०० वर असेल तर अडचण फुटेज उलगडण्याची आहे. तिथे प्रॉक्सी लागतात, आणखी डिस्क घेऊन फरक पडणार नाही.

## १०. कार्ड ओतण्याची शिस्त

लग्नामागे एक फोल्डर, नाव तारखेनं सुरू होणारं: वर्ष, महिना, दिवस, मग आडनाव. आत कॅमेरा, ड्रोन, आवाज, प्रोजेक्ट आणि तयार फाइल असे पाचच उपफोल्डर. नावं छोटी ठेवा. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की काही सॉफ्टवेअर फाइल उघडत नाहीत.

कार्डातून फक्त क्लिप उचलू नका, कार्डाचं सगळं फोल्डर जसंच्या तसं घ्या. बाजूच्या छोट्या फाइलींमध्ये टाइमकोड आणि लांब क्लिपच्या तुकड्यांची माहिती असते.

माउसनं ओढून केलेली कॉपी पूर्ण झाली म्हणजे बरोबर झाली असं नाही. टेराकॉपी या कॉपीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हेरिफाय' चालू ठेवा किंवा रिझॉल्व्हच्या मीडिया पानावरचं क्लोन टूल वापरा. दोन्ही मूळ आणि प्रत यांचा चेकसम (फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघतात. क्रम असा: कार्डावरून साठ्यावर, पडताळणी. कार्डावरूनच बॅकअपवर, पडताळणी. मग साठ्यावरून चालू कामाच्या एनव्हीएमईवर. दोन पडताळलेल्या प्रती होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि करायचं तेव्हा कॅमेऱ्यातच.

## ११. बॅकअप आणि कपाटातली डिस्क

रोजच्या बॅकअपसाठी फ्रीफाइलसिंक चांगलं आहे, पण त्याचा 'मिरर' पर्याय नीट समजून घ्या. मूळ जागी डिलीट झालेलं तो बॅकअपमधूनही काढतो. 'अपडेट' निवडा, किंवा काढलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय चालू करा.

बॅकअपची डिस्क काम झालं की सुटी करा आणि शक्य असेल तर दुसऱ्या जागी ठेवा. स्टुडिओ एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या ठिकाणी असेल तर ती घरी न्या. क्लाउडवर सगळं मूळ फुटेज चढवायचा विचार असेल तर हिशोब करा: १०० मेगाबिटच्या अपलोडने १६ टीबी चढायला जवळपास १५ दिवस सलग लागतात. प्रोजेक्ट फाइली आणि तयार फिल्म मात्र क्लाउडवर जरूर ठेवा. त्या लहान असतात आणि पुन्हा करायला सगळ्यात महाग.

कपाटात ठेवायची प्रत हार्डडिस्कवर असावी. वीज न मिळालेली एसएसडी दीर्घकाळात साठवलेलं गमावू शकते. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच जोडू नका, तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तीन-चार महिन्यांनी एकदा जोडून दोन-तीन जुने प्रोजेक्ट उघडून बघा.

## १२. डिस्क खरंच गेली तर

इशारा दिसला की आधी नवी कॉपी आणि रेंडर थांबवा. बॅकअपवर अजून न गेलेलं जे असेल तेवढं लगेच दुसरीकडे घ्या. मग कॉम्प्युटर बंद करून त्या डिस्कची साटा आणि पॉवर केबल बदलून बघा. बराच वेळा दोष तिथेच निघतो.

डिस्कच गेली असेल तर तितक्याच किंवा मोठ्या क्षमतेची नवी डिस्क आणा आणि पाचव्या टप्प्यातली कस लावण्याची पायरी शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर पूर्ण करा. स्टोरेज स्पेसेसमध्ये ती पूलला जोडा, दुरुस्ती पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच जुनी डिस्क पूलमधून काढा. दुरुस्तीला भरलेल्या डेटाप्रमाणे काही तास ते एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ उरलेली एकटी डिस्क सतत वाचली जाते, म्हणून त्या काळात तिच्यावर एडिटिंग करू नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल आणि तिच्यावरच्या डेटाची दुसरी प्रत नसेल, तर वीज लगेच तोडा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवू नका, पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. बिघडलेलं हेड प्रत्येक फेरीत आतली तबकडी खरवडत असतं, आणि खरवडलेला भाग प्रयोगशाळेतही परत मिळत नाही.